टाचा बघणारे सर

आमच्या सरांना पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला आधी त्यांचं टक्कल दिसायचं. कारण सर तोंडाकडं बघायच्या आधी पायांकडं बघायचे. हात नमस्काराला जोडलेले, मान खाली, नजर समोरच्याच्या पावलांवर. मग हळूच अर्धं पाऊल बाजूला सरकून, मान वाकडी करून ते मागून टाच बघायचे. एवढं झाल्यावर मान वर यायची आणि सर विचारायचे, "काय म्हणता बाप्पा?"

अनोळखी माणसाला वाटायचं, काय नम्र गृहस्थ आहेत. नारायणगडावर एकदा एका म्हाताऱ्या बाईला वाटलं, हे आपल्या पाया पडायला वाकलेत. तिनं त्यांच्या टकलावर हात ठेवून "मोठा हो लेकरा" असा आशीर्वाद दिला. सर तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होते. त्यांनी आशीर्वाद घेतला, टाचा बघितल्या आणि तिच्या मुलाला सांगितलं, "म्हातारीची काळजी करू नका, लई चांगल्या टाचा हायेत." तो बिचारा बघतच राहिला.

गडावर यात्रा भरली की सर हमखास जायचे, पण दर्शनाच्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत. चपला काढायच्या जागी एका दगडावर बसायचे. तिथं प्रत्येक माणूस वाकतो, चप्पल काढतो आणि पाठ फिरवून पुढं जातो. सरांना दुसरं काय पाहिजे? दिवस दिवस बसायचे. एका वर्षी चपलाचोर समजून लोकांनी त्यांना धरलं आणि पोलिसाकडं नेलं. पोलिसानं विचारलं, इथं काय करता? सर म्हणाले, टाचा बघतो. पोलिसानं थोडा विचार केला आणि त्यांना चहा पाजून एसटीत बसवून दिलं. ही गोष्ट सर स्वतःच वर्गात सांगायचे, आणि शेवटी न विसरता सांगायचे की पोलिसाच्या टाचा बुटात होत्या, त्यामुळं बघता आल्या नाहीत.

सर माजलगावला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मोंढ्यात एका अडतीच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहायचे. खाली दिवसभर ज्वारी-तुरीचे सौदे चालायचे. त्यामुळं त्यांच्या कपड्यांवर कायम बारीक भुसा असायचा आणि वर्गात शिरताना ते शिंकायचे. शिंक ऐकू आली की आम्ही वह्या उघडायचो. लग्न केलेलं नव्हतं. कावून न्हाई केलं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं." जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं होतं.

पुरुषाला ते बाप्पा म्हणायचे आणि बाईला माय. प्रॅक्टिकलच्या ट्रेमधल्या बेडकालासुद्धा आधी नर की मादी ते बघून मग बाप्पा किंवा माय म्हणायचे. पाठ केलेलं बरोबर उत्तर कुणी द्यायला लागलं की त्यांची नजर खिडकीबाहेर जायची. पण कुणी स्वतःच्या डोक्यानं चुकलं, की खुर्ची ओढून त्याच्याजवळ जाऊन बसायचे. "हां, आता बोल. असं कावून वाटलं तुला?" मग तास संपेपर्यंत त्या एका चुकीवर बोलणं चालायचं. आमचा अभ्यासक्रम कधी पुरा झाला नाही.

न होण्याचं आणखी एक कारण होतं. सगळ्या पुस्तकात सरांचा जीव एकाच धड्यावर होता, आणि तो धडा जेमतेम दीड पानाचा होता. पेशी बाहेरची वस्तू आत कशी घेते, हा तो धडा. बाकीचे मास्तर तो एका तासात उरकायचे. सरांना आठवडे पुरायचे नाहीत.

त्या धड्यासाठी त्यांच्याकडं एक पंचा होता. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं टिचबटणं शिवलेली होती, फक्त एकेक बाजू. दुसऱ्या बाजू एका चिंध्यांच्या चेंडूवर. पोरांना पंच्याची चार टोकं ताणून धरायला लावायचे.

"ह्ये पेशीचं कातडं. आन हा चेंडू म्हंजे रक्तातनं फिरणारा माल. आता बघा."

चेंडू पंच्यावर ठेवून दाबला की टिक टिक करून बटणं लागायची. पुस्तकात या बटणांना 'ग्राही' असा शब्द होता. सर म्हणायचे, हा शब्द वाचून कुणालाच काही धरावंसं वाटत न्हाई. ते बटणंच म्हणायचे. मग ते पंच्याखाली वाकायचे, खालून हात घालून चेंडूच्या जागचं कापड ओढायचे. पंच्याला खळगा पडायचा, खळग्याची पिशवी व्हायची, सर पिशवीच्या तोंडाला पीळ द्यायचे आणि दोऱ्यानं बांधून टाकायचे. चेंडू आता पंच्याच्या खालच्या बाजूला, गाठोड्यात.

"माल आत आला का न्हाई?"

"आला सर."

"कातड्याला भोक पडलं का?"

"न्हाई सर."

"दार उघडलं का?"

"न्हाई सर."

"मग आत कसा आला?" असं विचारून ते आमची वाट बघायचे नाहीत. "उंबराच आत गेला, बाप्पा! पाहुण्याला धरून उंबराच आत गेला!" हे ओरडताना त्यांचा आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसपर्यंत जायचा.

मग ते गाठोडं सोडायचे, चेंडू बटणांवरून सुटा करायचे आणि बटणांचं कापड पुन्हा वर ताणायचे. "माल आत उतरला. बटणं रिकाम्या हातानं परत वर गेली, दुसरा माल धरायला. सारखं चाललंय ह्ये तुमच्या अंगात. आन तुमी मागच्या बाकावर झोपताय."

शेवटच्या दिवशी ते दुसरा पंचा आणायचे. याच्यावर बटणं कमी होती, आणि जी होती त्यांच्या मागं जाड सुतळी घालून कापड असं शिवलेलं होतं की खालून कितीही ओढलं तरी खळगा पडायचाच नाही. चेंडू बटणाला लागायचा आणि तिथंच राहायचा.

"काही माणसांच्या यकृताची पेशी अशी असते," सर म्हणायचे, आणि त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. "बटणंच कमी, न्हाईतर बटणं लागतात पण कापड आत जात न्हाई. चेंडू हाय कोलेस्ट्रॉलचा. मग तो माल कुठं जाईल? रक्तातच फिरंल. जिथं जागा मिळंल तिथं साचंल. हृदयाच्या नळीत साचंल. हाताच्या, पायाच्या शिरेवर, म्हंजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर साचंल." असं म्हणून ते बाकांच्या रांगांमधून आमचे पाय बघत फिरायचे. आम्हाला ते रोजचंच वाटायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. प्रयोगशाळेची फरशी नुकतीच धुतलेली, म्हणून चपला बाहेर काढून आत गेलते. वरच्या फळीवरची बरणी काढायला टाचा उचलून हात वर केला, तेवढ्यात खालून आवाज आला, "माय, तशीच थांब."

वळून बघितलं तर सर फरशीवर उकिडवे बसलेले, चष्मा कपाळावर, आणि नाक माझ्या टाचेपासून वीतभर लांब. सगळी पोरं-पोरी हसायला लागली.

"ही गाठ कधीपासून हाय?"

टाचेच्या वर मागच्या बाजूला जी शीर असते ती माझी जाड होती, कातडीखाली दोरखंड असावा तशी, आणि मध्येच एक टेंगूळ. दोन्ही पायांना. मला वाटायचं, शेतातून चालून चालून झालंय.

"दहावीत होते तेव्हापासून," मी म्हटलं. "चपलेचा मागचा पट्टा लागतो तिथं."

सर उठले. आता ते हळू बोलत होते, पण प्रयोगशाळेत इतकी शांतता झाली होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "घरात कुणी एकदम गेलंय का? तरुणपणी? छातीत दुखून?"

माझे वडील मी तिसरीत असताना गेले. उसाला पाणी धरलेलं होतं आणि ते बांधावर बसले होते. बसल्या जागी गेले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. कॉलेजात हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या टाचा बघून या माणसाला ते कसं कळलं, हेच मला कळेना. मला रडू फुटलं. सगळ्यात जास्त घाबरले सर. "चुकलं माझं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर इचारायला नको होतं. माय, रडू नको. औषध हाय ह्याला. लई चांगलं औषध हाय."

माझ्या कानात त्यातलं काही शिरलं नाही.

आमचं गाव धरणाच्या अलीकडं. कॉलेजातली गोष्ट संध्याकाळच्या एसटीनं माझ्याबरोबरच गावात पोचली. पोचेपर्यंत त्या गोष्टीत सरांनी माझा पाय हातात धरलेला होता. ती नानांच्या कानावर गेली.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. वडील गेल्यावर घर, शेती, मी, आई, सगळं त्यांनीच बघितलं. पंचायत समितीवर निवडून आलेले. कडक इस्तरीचे पांढरे कपडे, मोठा आवाज. त्यांच्यासमोर गावात कुणी बोलायचं नाही. पण आमच्या घरात पुरुषांना चाळिशी मानवत नाही, हे त्यांच्या पाठीमागं सगळेच बोलायचे. आजोबा तसेच गेले होते, आजोबांचे भाऊही, मग माझे वडील. कुणी म्हणायचं देवाचं काही तरी राहिलंय, कुणी म्हणायचं करणी आहे. वडील गेल्यावर काही बायका आईला पांढऱ्या पायाची म्हणायला लागल्या. ती लग्नकार्याला जायची बंद झाली.

नानांनी नव्या घरासाठी पाया खोदून ठेवला होता आणि कित्येक वर्षं तो तसाच पडून होता. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं, बेडूक ओरडायचे. घराचं काय झालं म्हणून कुणी विचारलं की म्हणायचे, "बघू." त्या वर्षी नाना एकेचाळीस वर्षांचे होते, वडील गेले त्या वयाच्याही पुढं गेलेले. त्यांचं हसणं कमी झालं होतं आणि राग वाढला होता. आम्हाला वाटायचं, राजकारणामुळं.

दुसऱ्या दिवशी जीप कॉलेजच्या दारात उभी राहिली. मी प्रयोगशाळेतच होते. सर ट्रे धुत होते.

"कुठंय तो पाय बघणारा मास्तर?" नाना दारातूनच ओरडले. "तूच का बे? पोरीबाळींच्या पायाकडं कावून बघतो?"

सरांनी सवयीनं त्यांच्या पायाकडं बघितलं. नानांच्या पायात बूट होते. सरांचा चेहरा पडला, आणि तो बुटांमुळं पडला हे मी शपथेवर सांगते. नाना आणखी भडकले. त्यांनी एका हातानं सरांची कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताची मूठ उगारली.

आणि सरांची नजर त्या मुठीवर गेली.

त्यांनी आपल्या ओल्या हातांनी नानांचं मनगट धरलं आणि त्यांना तसंच ओढत खिडकीच्या उजेडाकडं नेलं. "बाप्पा, मूठ सोडू नका. अशीच धरा. अशीच." नाना इतके चकित झाले की त्यांनी ती खरंच तशी धरून ठेवली. सर त्यांच्या बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत होते. तिथं हरभऱ्याएवढ्या गाठी होत्या. लहानपणापासून मी त्या बघत आलेले. नानांचे हातच तसे, असं वाटायचं.

"आता मूठ उघडा. बंद करा. बघा, गाठ सरकते. हाडावर न्हाई ती, शिरेवर हाय. पोरीच्या टाचेला हाय तीच." मग त्यांनी नानांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं. "डोळ्यात बघू. हां. बुबुळाभोवती पांढरं कडं." आणि मग अगदी हळू विचारलं, "चढ चढताना छाती आवळल्यावाणी होती का?"

नानांनी कॉलर सोडली.

मग म्हणाले, "धरणाच्या भिंतीवर चढताना होतं. दिवाळीपासून. तुमाला कुणी सांगितलं? म्या घरात कुणालाच सांगितलेलं न्हाई."

'बे'चं 'तुमाला' झालेलं होतं.

सरांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि कपाटातून दोन्ही पंचे काढले. मी पंच्याची दोन टोकं धरली, दोन टोकं खिडकीच्या गजांना बांधली. पंचायत समितीचे सदस्य असलेले माझे नाना, जीप बाहेर चालू ठेवून, टिचबटणं कशी लागतात आणि कापड आत कसं जातं ते लहान पोरासारखं बघत होते. पहिला पंचा झाला. दुसरा झाला.

"तुमच्या घरात बटणं कमी हायेत, का आत जात न्हाईत, ते मला न्हाई सांगता यायचं," सर म्हणाले. "रक्त तपासल्याबिगर मी काहीच खरं म्हणणार न्हाई. पण मला वाटतं ते ह्येच हाय. बापाकडून लेकराकडं येतं. सगळ्या लेकरांत येत न्हाई, निम्म्याशिम्म्यांत येतं. बाईमाणसातही येतं, फकस्त उशिरा दावतं."

"म्हंजे करणी न्हाई?" नानांनी विचारलं.

"न्हाई."

"देवाचं काही राहिलेलं न्हाई?"

"देवाचं काहीच राहिलेलं न्हाई बाप्पा. बटणाचं राहिलेलं हाय."

नानांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. पुसतच राहिले. मी पहिल्यांदा त्यांना तसं बघत होते. घाबरलेला माणूस किती दिवस ओरडत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमाला ह्ये कसं ठावं?"

सर पंच्याची घडी घालत बोलत होते. ते मूळचे धर्मापुरीचे. त्यांचा एक थोरला भाऊ होता. "मी लहान असताना कुठंबी जायचं तर दादाच्या मागं मागं चालायचो. दादा लांब टांगा टाकायचा, मी पळायचो. त्यामुळं दादाचं तोंड मला आता नीट आठवत न्हाई, पण टाचा पाठ हायेत. त्याला अशाच गाठी होत्या. म्या त्याला चिडवायचो, तुझ्या टाचंत सुपारी हाय म्हणून. तिशी ओलांडली आन एका सकाळी गेला." मास्तर झाल्यावर एकदा औरंगाबादच्या लायब्ररीत ते दुसरंच काही शोधत होते. एका इंग्रजी मासिकाचं पान उलटलं आणि समोर फोटो होता. "दादाच्या टाचा होत्या. म्हंजे कुण्या परदेशातल्या माणसाच्या, पण दादाच्याच. खाली लिहिलेलं वाचलं. औषध निघालंय असं लिहिलेलं होतं. तवापासून माणूस भेटला की आधी टाच बघतो. इतकी वर्षं झाली, कुणाच्याच सापडल्या न्हाईत. ही पोरगी पहिली." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला, आणि आपण आनंदलो हे लक्षात येऊन त्यांनी तो घाईघाईनं आवरला.

बीडला डॉक्टरांकडं जाताना सर जीपमध्ये आमच्याबरोबर होते. माझं रक्त घेतलं, नानांचं घेतलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं, कारण आकडा त्यांना खरा वाटेना. दुसऱ्यांदाही तोच आला. मला गोळी सुरू झाली. नानांना मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी औरंगाबादला पाठवलं. तिथं हृदयाच्या नळ्या तपासल्या तेव्हा कळलं की त्या जवळजवळ बंद होत आल्यात. धरणाच्या भिंतीवर आणखी दोन-चारदा चढले असते तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आई, मी आणि सर. खरं तर सर बसलेले नव्हतेच. मजल्यावर फिरत होते. हृदयाच्या दवाखान्यात पेशंट अनवाणी झोपलेले, सगळ्यांच्या टाचा चादरीबाहेर. सरांना एवढी सोय आयुष्यात कधी मिळालेली नव्हती. वॉर्डबॉयनं त्यांना दोनदा हटकलं. पण परभणीकडच्या एका माणसाच्या टाचेला त्यांना गाठी सापडल्या, आणि त्यांनी नर्सला बोलावून त्या दाखवल्या, नर्सनं डॉक्टरांना. डॉक्टरांनी त्या माणसाच्या दोन्ही भावांना तपासणीला बोलावून घेतलं आणि सरांना आपल्या खोलीत नेऊन चहा दिला.

परत आले तेव्हा आई त्यांना म्हणाली, "सर, मला अडाणी बाईला कळंल असं सांगा. माझ्या पोरीचं काय?"

सर तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "माय, माणसाला ही बटणं शिवायची रीत दोघांकडून मिळते. एक बापाकडून, एक आईकडून. पोरीला बापाकडून आली ती बिघडलेली हाय. तुमच्याकडून आली ती चांगली हाय. चांगली हाय म्हणून तर पोरगी धडधाकट हाय. आन गोळी काय करती? पेशीला म्हणती, आणखी बटणं शिव. ती चांगली बटणं कुणाच्या रीतीनं शिवली जातात? तुमच्या. औषध सगळं तुमच्या जिवावर चालतं."

आई पदराशी चाळा करत, फरशीकडं बघत म्हणाली, "मला गावात पांढऱ्या पायाची म्हणतेत."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, खाली वाकले आणि आईचे पाय बघितले. गंमत म्हणून नाही. नेहमीसारखेच बघितले, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या, मग टाचा. निवांत. मग मान वर करून म्हणाले, "एकदम चांगले पाय हायेत."

आईनं घाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि हसली. हसता हसता रडली. तेवढ्यात आतून डॉक्टर आले आणि म्हणाले की ऑपरेशन नीट झालंय. ते काय सांगत होते आणि आम्ही कशासाठी रडत होतो, त्याचा काही मेळ बसत नव्हता.

नानांनी घरी आल्यावर उन्हाळ्यातच गवंडी बोलावला. घराच्या पायातला गाळ काढला, बेडूक गेले, घर उभं राहिलं. वास्तुशांतीला सरांना आणायला जीप गेली. जेवणाच्या वेळी सर सापडेनात. बघितलं तर मांडवाच्या तोंडाशी, जिथं पाहुणे चपला काढतात, तिथं बसलेले. नाना दंडाला धरून त्यांना पंगतीत घेऊन आले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या सरांना कुणी चपलाचोर म्हणलं तर बघा मग." खरं तर कुणीच म्हटलं नव्हतं. त्या पंगतीत आई वाढत होती. कित्येक वर्षांनी.

माझ्या टाचेच्या गाठी हळूहळू बारीक झाल्या, पार गेल्या नाहीत. वडील ज्या वयात गेले त्या वयाची मी झाले, ते वर्ष मला फार जड गेलं. रोज सकाळी उठलं की आधी छातीवर हात ठेवून बघायचे. ते वर्ष गेलं. पुढचं आलं. एक दिवस लक्षात आलं की आज आपण हात ठेवलाच नाही, आणि कालही नव्हता ठेवला. माझ्या मुलीचं रक्त तपासलं तेव्हा ते अगदी स्वच्छ निघालं. तो रिपोर्ट मी आधी सरांना वाचून दाखवला, मग नवऱ्याला. नवऱ्यानं वाईट वाटून घेतलं नाही.

सर निवृत्त होऊन धर्मापुरीला राहायला गेले. नाना त्यांच्याकडं काही ना काही निमित्त काढून जातात, कधी गूळ घेऊन, कधी नुसतेच. मागं एकदा मीही गेले होते. सरांनी आम्हाला देऊळ दाखवायला नेलं. भिंतीवर दगडी बाया कोरलेल्या आहेत, कुणी आरशात बघतेय, कुणी पायातला काटा काढतेय. लोक त्यांचे चेहरे बघतात, दागिने बघतात. सर आम्हाला एकेकीच्या पायाशी उभं करत होते. "बघा, शेकडो वर्षं झाली, एकीच्याही टाचेला गाठ न्हाई. आन ह्या कोपऱ्यातलीची टाच तर तुटलेलीच हाय, तिचं काही सांगता येत न्हाई." नाना शेजारी उभे राहून गंभीरपणे मान हलवत होते. दोघं तिथं बराच वेळ त्या तुटलेल्या टाचेवर बोलत होते. मी सावलीत बसून राहिले.

परवा नानांना घेऊन बीडला डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांना पेपर वाचताना धुरकट दिसायला लागलं होतं आणि ते दिव्याला शिव्या देत होते. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं यंत्रातून दोन्ही डोळे बघितले आणि म्हणाली, "मोतीबिंदू आहे आजोबा. घाबरायचं काही नाही. म्हातारपण आलं की होतंच."

नाना खुर्चीत ताठ झाले. "काय म्हणालात?"

तिला वाटलं यांना कमी ऐकू येतं. ती मोठ्यानं म्हणाली, "म्हातारपण! वयोमानानं होतं हे!"

नानांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टरनं औषधाचे थेंब घातले होते म्हणून ते असावं असं मी धरून चालले.

बाहेर येऊन त्यांनी आधी सरांना फोन लावला, तो तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सर, मला मोतीबिंदू झाला!"

पलीकडून सरांचा आवाज आला, "एका डोळ्यात का दोन्ही?"

"दोन्ही!"

"आमच्या दादाला काही झाला न्हाई," सर म्हणाले. मग म्हणाले, "लई चांगलं झालं, बाप्पा. आता एक काठी घेऊन टाका."

नानांना काठीची काही गरज नाही. अजून ते माझ्यापेक्षा भरभर चालतात. पण त्यांनी गाडी बाजारात थांबवायला लावली आणि तासभर घालवून, दहा काठ्या जमिनीवर आपटून बघून, त्यातली एक घेतली. आमच्या घराण्यात कुणाला काठी लागलेली नव्हती, तेवढं कुणी जगलंच नव्हतं. मग ते गर्दीतून पुढं निघाले, काठी वाजवत, छाती काढून. रस्त्यात मोटारसायकली आडव्या लावून पोरांचं टोळकं गप्पा मारत उभं होतं. नानांनी काठी उगारली.

"सरका बे," ते ओरडले. "म्हातारा माणूस हाय, दिसत न्हाई का?"